वडील गेल्यावर किसान निधीचा हप्ता थांबला, तर आधी फौती नामांतरण करा

तुम्ही विचारलंय की देपालपूरजवळची जमीन वडिलांच्या नावे होती, ते जाऊन वर्ष झालं, त्यानंतरही पीएम किसान सन्मान निधीचे दोन हप्ते खात्यात आले आणि आता बंद झालेत, तर ते पुन्हा चालू कसे करायचे. तुम्ही इंदूरला नोकरीत आहात, आयकर भरता, आणि आई गावी राहते.

ते हप्ते चालू करायचेच नाहीत. वडिलांची नोंद बंद करायची आणि आईच्या नावाने नवी करायची. वडील गेल्यानंतर आलेले पैसे आधी परत करा, पोर्टलवर त्याची सोय आहे. राहू दिलेत तर उद्या वसुलीची नोटीस गावच्या पत्त्यावर जाईल आणि ती आईच्याच हातात पडेल.

आयकर भरता म्हणून तुम्हाला हा निधी मिळणार नाही. आईंना मात्र मिळू शकतो. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं, त्यामुळे तुमचा आयकर त्यांच्या आड येत नाही. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आलेल्यांना ही योजना नाही, पण मालकाच्या मृत्यूमुळे वारशाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. केंद्राचे वर्षाला ६००० आणि मध्य प्रदेश सरकारच्या मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे ६००० धरले तर १२,००० होतात. एकट्या बाईमाणसाला बी-खताच्या दिवसांत हा मोठा आधार असतो.

सगळं अडतं ते फौती नामांतरणावर, म्हणजे जमिनीच्या कागदांवर मयताच्या जागी वारसांची नावं चढवण्यावर. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून तहसिलीत अर्ज करा. आईबरोबर बहिणींचीही नावं लिहा. ‘त्या सासरी सुखात आहेत’ म्हणून नावं गाळणारे मी पुष्कळ पाहिलेत. हे अन्यायाचं आहे, आणि पुढे एखादीने हरकत घेतली तर प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळतं. सोयाबीनच्या भावांतराची (हमीभाव आणि बाजारभाव यातला फरक देणाऱ्या योजनेची) नोंदणीही खसऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या सरकारी नोंदीवरच्या, नावावरूनच होते, म्हणून हे काम हंगामाच्या आधी उरका.

मग ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. आमच्या आईचा अंगठा मशीन घेईचना. चाळीस वर्षं निंदणी-कापणी करून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. तीन खेपा झाल्या, दर वेळी ती बोटं पदराला पुसून पुन्हा ठेवायची. शेवटी मोबाइल ॲपवर चेहरा दाखवून दोन मिनिटांत काम झालं. तुम्ही थेट तेच करा.

आणखी एक. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. अर्जावर कोणता खाते क्रमांक लिहिलाय याने फरक पडत नाही. आईची दोन-तीन खाती असतील तर शेवटी आधार कुठे जोडला गेला ते बँकेत विचारा. आमचे चार हप्ते एका जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून होते आणि आम्ही पटवाऱ्यांकडे (तलाठ्यांकडे) चकरा मारत होतो.

नामांतरणाचा आदेश झाला की बी-१ ची, म्हणजे जमिनीच्या खातेउताऱ्याची, नक्कल घ्या आणि आईचं नाव तिथेच उभं राहून आधारशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आमच्याकडे नावापुढे ‘बाई’ जोडलं गेलं, आधारवर ते नव्हतं, आणि तेवढ्या दोन अक्षरांसाठी पुन्हा अर्ज करावा लागला.