हयात माणसाच्या नावाचं बक्षीस आणि ‘स्मृतिप्रीत्यर्थ’

प्रश्न असा आलाय की एका वाचनालयात दरवर्षी दोन बक्षिसं देतात, एक वारलेल्या संस्थापकांच्या नावाने आणि दुसरं निवृत्त ग्रंथपाल बाईंच्या नावाने, ज्या अजून चांगल्या हिंडत्याफिरत्या आहेत. पत्रिकेत दोन्हीकडे ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ छापून आलं, बाईंच्या घरचे चिडले, आणि समितीतले एकजण म्हणतायत की स्मृती म्हणजे आठवण, ती जिवंत माणसाचीही येतेच की, मग बिघडलं कुठे?

बिघडलंय. नुसता अर्थ बघितला तर त्यांचं खरंय, पण स्मृतिदिन, स्मृतिस्थळ, स्मृतिस्तंभ, सगळे शब्द गेलेल्या माणसाभोवतीच जमलेत. अपवाद स्मृतिचिन्हाचा, ते मात्र जिवंत पाहुण्याच्याच हातात शाल-श्रीफळासोबत देतात. तेव्हा बाईंच्या नावापुढचं ‘स्मृती’ काढाच.

पण म्हणून वारलेल्या प्रत्येकाला ‘स्मृती’ लावायलाच पाहिजे असंही नाही हं. दादासाहेब फाळके 1944 ला गेले, त्यांच्या नावाचा पुरस्कार 1969 पासून सुरू झाला, त्यात कुठे स्मृती आहे? राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत केशवसुत, हरी नारायण आपटे, गडकरी आहेत, नुसती नावं. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, घसा फाटेस्तोवर ओरडणाऱ्या किती पोरांना माहीत असतं की हे पुरुषोत्तम म्हणजे आप्पासाहेब वझे? तिथे नावच इतकं मोठं झालंय की आडनावसुद्धा गळून पडलं. आणि अर्जुन पुरस्काराला तर ‘कै.’ लावायचं कुणाच्या डोक्यातही येणार नाही.

मला वाटतं स्मृती हा शब्द माणूस गेलाय एवढंच सांगत नाही, मागे राहिलेलं कुणीतरी त्याच्यासाठी हे देतंय हेही सांगतो. याचं मस्त उदाहरण म्हणजे नोबेल. आल्फ्रेड नोबेलने 1895 च्या मृत्युपत्रात पाच विषय लिहून पैसे ठेवले, ती पारितोषिकं 1901 पासून मिळतायत आणि ती नुसती ‘नोबेल’, कारण देणारा तोच. अर्थशास्त्र त्या पाचात नव्हतंच, ते स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने 1968 मध्ये सुरू केलं आणि त्याच्या अधिकृत नावात ‘आल्फ्रेड नोबेल यांच्या स्मरणार्थ’ असं आजही आहे, आपण सगळे अमर्त्य सेनांना नोबेल मिळालं असंच म्हणतो ते सोडा.

हयात माणसाच्या नावाने द्यायला काही हरकत नाही, काहींना ते अभद्र वाटतं पण चाल जुनी आहे. मध्य प्रदेश सरकारने लता मंगेशकरांच्या नावाचा सन्मान 1984 मध्येच सुरू केला, आपल्या राज्याने 1992 मध्ये, आणि लताबाई 2022 पर्यंत होत्या. बॉर्डर-गावसकर करंडक 1996 पासून चालूय आणि त्यातले गावसकर त्याच मालिकांची कॉमेंट्री करत आलेत. उलट कुसुमाग्रज हयात असताना त्यांच्या प्रतिष्ठानने पुरस्कार काढला तर तो त्यांच्या नावाने नाही, ‘जनस्थान’ या नावाने, हे मला फार आवडतं पण तो विषय वेगळा.

आता त्या ‘प्रीत्यर्थ’कडे येऊ, कारण माझा खरा राग त्याच्यावर आहे. प्रीति अधिक अर्थ, म्हणजे संतोषासाठी, पूजेच्या संकल्पात ‘परमेश्वरप्रीत्यर्थ’ म्हणतात ना ते. तिथे देवाला संतुष्ट करायचं असतं, इथे कोणाला, स्मृतीला? शब्द रूढ झालाय, मोठमोठ्या संस्था छापतात, त्यामुळे कुणाशी भांडायला जाऊ नका, पण नवीन छापताना सरळ ‘स्मरणार्थ’ लिहा. एसटी स्टँडवरच्या बाकड्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’ असं रंगवणारा पेंटर यात समितीपेक्षा पुढे आहे. आणि वापरायचाच असेल तर निदान ‘प्रित्यर्थ’ नको, री दीर्घ.

ऱ्हस्व-दीर्घावरून आठवलं, ‘स्मृती’ सुटा शब्द असेल तर ती दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व, जसं गुरू पण गुरुदक्षिणा. म्हणून ‘स्मृतिपुरस्कार’ जोडून लिहिलं तर ति ऱ्हस्व.

तर पत्रिकेत संस्थापकांसाठी ‘अमुक स्मृतिपुरस्कार’ किंवा ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, दोन्ही चालेल. बाईंसाठी फक्त ‘तमुक पुरस्कार’, फारच मोकळं वाटत असेल तर खाली ‘यांच्या कार्याच्या गौरवार्थ’. आणि पत्रिका छापून झाल्या असतील तर त्या ओळीवर पट्टी चिकटवून वाटा, पुढच्या वर्षी सुधारू म्हणून तशाच पाठवू नका.