टॅब घ्या, पण मंडळीच्या खात्यातून

प्रश्न: मी अहिल्यानगर जिल्ह्यात तीन गावांच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा (चर्चचा) पाळक, म्हणजे पाद्री आहे. मानधन 23,000 रुपये. पवित्र शास्त्र, गीते, संदेशाची टिपणे, बाप्तिस्म्याच्या नोंदी सगळे एकाच ठिकाणी राहावे म्हणून आयपॅड घ्यायचा विचार आहे. दुकानदार 34,900 ला नो-कॉस्ट ईएमआयवर देतो, पेन 7,900 चे वेगळे. झेरॉक्सचे महिना 600 रुपयेही वाचतील. बँकेत 38,000 आहेत, त्यात नाताळात मंडळीने दिलेली थैली आली. मुलगी बारावीला आहे, तिला नर्सिंगला जायचे आहे. घ्यावा का? करात काही सूट मिळेल का?

उत्तर: पाळकसाहेब, सलाम.

टॅब उपयोगी पडेल, यात वाद नाही. पुलपिटावर उभे राहून फोनच्या एवढ्याशा पडद्यावरून संदेश वाचणे म्हणजे डोळ्यांवर अत्याचार, आणि संध्याकाळच्या उपासनेत वीज गेली की छापील कागद कामाचा राहत नाही. माझी हरकत आहे ती पैसे कुणाच्या खिशातून जाणार, याला.

पत्रात तुम्ही कळवलेले बाकीचे आकडेही मांडून पाहू. 23,000 मधून दशमांशाचे, म्हणजे मंडळीला द्यायच्या दहाव्या हिश्श्याचे, 2,300 आधीच बाजूला निघतात. तीन गावांच्या फेऱ्यांना पेट्रोल 2,800, त्यातले मंडळी देते 1,000, म्हणजे 1,800 तुमचे. घरखर्च 16,500. हातात राहतात 2,400. आयपॅडचा बारा महिन्यांचा हप्ता 2,908. पेन आणि कव्हर तर अजून मोजलेलेच नाही.

शिवाय ‘नो-कॉस्ट’ हे नाव ऐकायला बरे. बँक व्याज लावतेच. तेवढी सूट दुकान किंवा कंपनी किमतीत देते, म्हणून ते दिसत नाही. पण व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुम्हीच भरता. 16 टक्के दर धरला तर व्याज साधारण 2,850 आणि त्यावरचा कर पाचशेच्या पुढे. प्रोसेसिंग फी लागली तर ती निराळी. रोखीत घेणाऱ्याला दुकानदार हजार-दोन हजार सोडतो, ते तुम्हाला मिळणार नाहीत.

झेरॉक्सची बचतही तपासून घेतली पाहिजे. 600 मधला मोठा भाग लोकांना वाटायच्या गीतांच्या कागदांचा आणि संडे स्कूलच्या चित्रांचा असणार. टॅब तुमच्या हातात असला तरी बाकावर बसलेल्या आजींना कागद लागणारच. वाचेल ते तुमचे स्वतःचे टिपण: आठवड्याला आठ पाने, पानाला तीन रुपये, महिन्याला साधारण शंभर. या हिशेबाने 34,900 वसूल व्हायला 29 वर्षे लागतील. सोयीसाठी घ्यायचा तर सोयीसाठी म्हणा, बचतीचे कारण त्याला जोडू नका.

कराचे थोडक्यात सांगतो. मानधन पगार म्हणून मिळत असेल तर अशा खरेदीची वेगळी वजावट नाही. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या पगारावर तसाही कर भरावा लागत नाही, तेव्हा वाचवायला करच नाही.

आता मुख्य मुद्दा. पगारातला दहावा हिस्सा तुम्ही मंडळीला देताच. पेट्रोलचा मोठा भाग सोसता. त्यावर कामाचे साधनही स्वतःच विकत आणायचे, हे काही ठीक नाही. मंडळीने हार्मोनियम घेतली तेव्हा वाजवणाऱ्याकडे पैसे मागितले नव्हते. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय ठेवा. 18,000 पर्यंतचा दहा-अकरा इंची अँड्रॉइड टॅब तुमच्या कामाला पुरेसा आहे. तीन मंडळ्यांत वाटला तर प्रत्येकी 6,000 येतात. ठराव लिहून घ्या, बिल मंडळीच्या ट्रस्टच्या नावावर करा, पैसे चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत टॅब चढवा. ऑडिटच्या वेळी तोंडी कबुलीला किंमत नसते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बदली झाली की टॅब इथेच राहील आणि नव्या पाळकाच्या हाती जाईल. म्हणून संदेश पहिल्या दिवसापासून स्वतःच्या गूगल खात्यात ठेवा, मंडळीच्या नोंदी वेगळ्या खात्यात. गृहभेटीत लोक आजारपण, नवरा-बायकोची भांडणे विश्वासाने सांगतात. ते टॅबवर लिहिणार असाल तर स्क्रीन लॉक हवाच. आणि घरी सुट्टीत तो कुणाच्या हातात असणार, हेही आत्ताच ठरवा.

दुकानात दोन गोष्टी करून पाहा. गीते भिंतीवर दाखवायची असतील तर केबल बरोबर नेऊन टॅब टीव्हीला जोडायला लावा; बऱ्याच स्वस्त टॅबच्या चार्जिंगच्या सी-पोर्टमधून चित्र बाहेर येतच नाही. दुसरे, जुन्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी या जुन्या मराठी फॉण्टमध्ये टाइप केलेली एखादी फाइल उघडा. अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसली तर सगळे आधी कुठल्याही यंत्रावर दिसणाऱ्या युनिकोडमध्ये करून घ्यावे लागेल. सिमचे मॉडेल नको, फोनचा हॉटस्पॉट चालतो.

थैलीला हात लावू नका. अडीअडचणीला तीन महिन्यांचा घरखर्च आणि पेट्रोल एवढे हाताशी हवे, ते 55,000 च्या आसपास जाते आणि तुमच्याकडे आहेत 38,000. त्यातून मुलीच्या प्रवेशाचे पैसेही याच वर्षी उभे करायचे आहेत. रोज मोटारसायकलवर असता, तर बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू करा. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. वय पन्नासच्या आत असेल तर वर्षाला 436 रुपयांची जीवन ज्योती विमा योजनाही घ्या.

पंचांनी नाही म्हटले तर? प्रवेशाची फी भरून झाल्यावर महिन्याला 1,500 चे आवर्ती खाते उघडा. वर्षभरात 18,000 जमतील आणि तोच टॅब रोखीत येईल. तो तुमचा स्वतःचा असेल, बदलीच्या गावी बरोबर नेता येईल. आयपॅड मात्र दोन्ही वाटांनी नको.