फोर्ट कोचीत जुन्या घरात उतरायचंय?

प्रश्न : डिसेंबरअखेर आम्ही पाच जण फोर्ट कोचीला जाणार आहोत. डच काळातल्या घराचं हॉटेल केलेलं असतं, तशा ठिकाणी उतरायची फार हौस आहे. सोबत ७२ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. बुकिंग करताना काय पाहावं? (ठाणे)

उत्तर : अशा हॉटेलात खोल्या मोजक्या, आणि एकीसारखी दुसरी नसते. म्हणून 'डिलक्स' की 'सुपीरियर' ते राहू द्या. फोन करून नेमकी कोणती खोली मिळणार ते विचारा. तळमजल्यावर आहे का? चौकातून आत जाताना पायऱ्या किती, उंबरा किती उंच? बाथरूमची फरशी खोलीच्या पातळीत आहे का? हे शेवटचं विचाराच. जुन्या घरांत बाथरूम मागाहून बसवलेली असतात. सांडपाण्याच्या पाइपला उतार मिळावा म्हणून फरशी पाच-सहा इंच उचललेली असते, आणि रात्री उठल्यावर नेमकी तिथेच ठेच लागते. माडीवर जायचा लाकडी जिना उभ्या चढाचा, लिफ्ट सहसा नाही. खोलीच्या दारापासून कमोडपर्यंत चालत काढलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. फोटोत पायरी दिसत नाही. तळमजल्यावर घेताना वर कोणी राहतं का तेही विचारा, कारण लाकडी तक्तपोशीतून वरच्यांचं प्रत्येक पाऊल खाली ऐकू येतं.

'हेरिटेज' ही पाटी कोणीही लावतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा हेरिटेज दर्जा मिळायला मूळ वास्तू १९५० पूर्वीची लागते, 'क्लासिक' आणि 'ग्रँड'साठी १९३५ पूर्वीची. दर्जा आहे का, हे सरळ विचारावं.

भाड्याचंही गणित करा. एका रात्रीचं भाडं ७५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की १८. म्हणजे ७५०० ची खोली ७८७५ ला पडते आणि ७६०० ची ८९६८ ला! शंभर रुपये कमी करून मागायला अजिबात संकोच करू नका.

३१ डिसेंबरला मध्यरात्री पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याचा, पुतळा जाळतात. त्या दिवशी गर्दीमुळे वाहनं अडवली जातात. सासूबाईंना हॉटेलपासून लांब उतरून चालावं लागू नये म्हणून ३० तारखेलाच पोहोचा.

प्रश्न : जुलैत दर कमी असतात, पण खोलीला कुबट वास येतो असं ऐकलं. टाळावं का? (सातारा)

उत्तर : टाळू नका, खोली बघून घ्या. इथल्या बऱ्याच जुन्या भिंती जांभ्याच्या. जांभा सच्छिद्र, जमिनीतलं पाणी वर ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडते. सिमेंट किंवा ऑइलपेंट फासला की आत कोंडते, क्षार फुलतात आणि पोपडे सुटतात. सामान आत नेण्यापूर्वी भिंतीला जमिनीपासून दोनेक फुटांवर तळहात लावा, कपाट उघडून वास घ्या. भिंत गार-ओलसर लागली तर लगेच माडीवरची खोली मागा, तिथे जमिनीची ओल पोहोचत नाही.

खिडक्या उघड्या ठेवून एसी १८ वर लावणं ही हमखास होणारी चूक. बाहेरची दमट हवा गार पडलेल्या भिंतींवर, चादरींवर पाणी धरते. खिडक्या लावून घ्या, एसी 'ड्राय' मोडवर नाहीतर २६ वर ठेवा आणि पंखा चालू द्या. छत उंच असतं, त्यामुळे खोली गार व्हायला वेळ लागतो. तेवढा धीर धरावा. चामड्याचे बूट-पट्टे कपाटात ठेवू नका, बुरशी धरते.

प्रश्न : कोकण रेल्वेने एर्नाकुलमला उतरून पुढे कसं जावं? मट्टानचेरीसाठी कोणता दिवस ठेवावा? (रत्नागिरी)

उत्तर : एर्नाकुलम जंक्शनहून रिक्षाने हायकोर्ट जेट्टी, तिथून जलमेट्रोने फोर्ट कोची. तिचा धक्का तरंगता असतो; भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे बोटीत पाय टाकताना चढ-उतार नाही. मट्टानचेरीला शुक्रवारी जाऊ नका, राजवाडा आणि १५६८ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) दोन्ही बंद असतात. शनिवारीही सिनेगॉग बंदच. रविवार ते गुरुवार यांतला दिवस धरा, आणि वेळ काढून जवळच्या चेरलाईतही जा. गोव्यातून परागंदा झालेल्या सारस्वतांचं तिरुमल देवस्वम हे मंदिर तिथे आहे, आणि त्यांच्या घरांत आजही कोंकणी बोलतात.