तिमिंगिल येतो तेव्हा नेमकं होतं काय?

प्रश्न : दादा, आम्ही चौघं मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळतो. मी स्वतःचं एक कस्टम कार्ड बनवलंय, तिमिंगिल नावाचा समुद्री राक्षस. किंमत चार कुठलेही माना (कार्ड उतरवायला लागणारी जादूची शक्ती) आणि दोन ब्लू, म्हणजे निळ्या रंगाचे, एकूण ६. पॉवर-टफनेस (मारायची आणि सोसायची ताकद) ९/९, ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला मारून उरलेला मार थेट खेळाडूला), हेक्सप्रूफ (समोरच्याला याच्यावर नेम धरता येत नाही), खेळात आला की समोरच्याचे सगळे क्रीचर (प्राणी-राक्षसांची कार्डं) हातात परत, वर दर टर्नला मला दोन कार्डं जास्तीची. दोन गेम मी जिंकलो आणि तिसऱ्याला सगळे म्हणाले की हे कार्ड डेकमधून काढ नाहीतर आम्ही उठतो. ९/९ चं ७/७ करू की माना वाढवू?
— दर्याबुडव्या

उत्तर : दर्याबुडव्या, तुझ्या मित्रांचं काही चुकलं नाही. नाव मात्र झकास उचललंयस, त्याच्याकडे येतोच. आकडे खालीवर करून हे कार्ड सुधारायचं नाही कारण भानगड आकड्यांची नाहीच आहे, तुझा राक्षस ६ माना सोडले तर तुझ्याकडून काहीच मागत नाही आणि बदल्यात चार-चार कामं करतो. 'हा आला की काय होतं?' असं कुणी विचारलं तर एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, तुला आत्ता 'आणि शिवाय, आणि शिवाय' करत बसावं लागतंय.

जुनी कार्डं बघ. १९९३ च्या पहिल्याच सेटमधला सी सर्पंट, ६ मानाचा ५/५, पण समोरच्याकडे आयलंड (ब्लू माना देणारं बेटाचं कार्ड) नसेल तर हल्ला करू शकत नाही आणि तुझ्याकडचं शेवटचं आयलंड गेलं की त्याला सॅक्रिफाइस करावं (आपणच खेळातून घालवावं) लागतं. पाणी नाही तर साप नाही, विषय संपला. मग १९९४ ला द डार्क सेटमध्ये लेव्हायथन आला, ९ माना, १०/१०, ट्रॅम्पल, पण येतो तोच टॅप (आडवा, म्हणजे वापरून झालेला) होऊन, आपणहून अनटॅप होत नाही, अनटॅप करायला दोन आयलंड सॅक्रिफाइस करा आणि हल्ला करायला वेगळी दोन. म्हणजे एका धडकेला चार लँड (माना देणारी जमिनीची कार्डं). मी हा हौसेनं खेळलोय. ९ लँड जमवून उतरवला, पुढच्या टर्नला चार आयलंड फेडून एक धडक मारली, समोरचा २० लाइफवरून १० वर आला, मी मिशीला पीळ देतोय तोवर त्यानं एक ब्लू माना मोजून अनसमन टाकलं आणि माझा राक्षस सन्मानानं माझ्या हातात परत. हातात ९ मानाचं कार्ड, टेबलावर ५ लँड. त्या गेमचं पुढे काय झालं ते विचारू नकोस.

तर हे झालं दुसरं टोक. मधली वाट पुढे सापडली. २००९ च्या झेंडिकारमधला लॉर्थोस हा ऑक्टोपस मला अजून भारी वाटतो, ८ माना, ८/८, हल्ला केला की वाटल्यास आणखी ८ माना भर आणि ८ पर्मनंट (टेबलावर टिकून राहणारी कार्डं) टॅप कर, ते त्यांच्या पुढच्या अनटॅपलाही उठत नाहीत. आठ हात आणि सगळीकडे आठ, बाकी एक शब्द नाही. २०१० चा स्टॉर्मटाइड लेव्हायथन तर आला की टेबलावर पाणीच भरतं, सगळ्यांची सगळी लँड आयलंडसुद्धा होतात, आणि उडणारे किंवा आयलंडवॉकवाले (समोरच्याकडे आयलंड असेल तर अडवता न येणारे) सोडून कुणालाच हल्ला करता येत नाही. ही दोन्ही कार्डं एका वाक्यात सांगता येतात बघ.

आता माना वाढवायचं म्हणतोस. ६० कार्डांच्या डेकमध्ये २४ लँड धरली तर दर पाच कार्डांत दोन लँड. तू पहिला खेळतोयस असं धरलं तर आठव्या टर्नपर्यंत १४ कार्डं तुझ्या हातात येऊन गेलेली असतात, त्यात सरासरी लँड ५.६. आठ लँड दिसायला सरासरी २० कार्डं लागतात, म्हणजे चौदावा टर्न! तोपर्यंत बहुतेक गेम आटपलेले असतात. म्हणून नुसता माना वाढवला तर राक्षस समुद्रात नाही, तुझ्या हातात मरतो. लवकर यायची एक वाट ठेवायची, पण फुकटची नाही.

आणि इथे तुझं नावच तुला वाट दाखवतंय. तिमि म्हणजे प्रचंड मासा, त्याला गिळतो तो तिमिंगिल, आणि त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल. नावातच गिळणं आहे आणि तुझ्या कार्डात कुणी कुणाला गिळतच नाही! आता मोह असा होईल की समोरच्याचा क्रीचर गिळू दे, मग तिमिंगिल असेपर्यंत तो एक्झाइल (खेळाबाहेर). ते काम व्हाइटचं, म्हणजे पांढऱ्या रंगाच्या कार्डांचं. ब्लू हातात परत पाठवतो, टॅप करून ठेवतो, स्पेल (समोरचा टाकतोय ते कार्ड) काउंटर म्हणजे रद्द करतो, क्रीचर कायमचा संपवणं हा त्याचा प्रांत नाही. कस्टम कार्डांत लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात, रंगाचं बंधन सोडलं की कार्ड ताकदवान होतं पण बेचव होतं.

त्यापेक्षा आपलाच मासा गिळू दे. २०१६ च्या एल्ड्रिच मून सेटमध्ये इमर्ज नावाची रीत आली, आपला एक क्रीचर सॅक्रिफाइस करायचा आणि त्याची जेवढी माना किंमत तेवढी इमर्जच्या खर्चातून वजा. त्याच सेटमध्ये एल्डर डीप-फीन्ड म्हणून एक ऑक्टोपसही याच रीतीनं येतो. तुझं कार्ड मी असं लिहीन:

तिमिंगिल. सात कुठलेही माना आणि दोन ब्लू. क्रीचर, लेव्हायथन. ७/७.
इमर्ज : सहा कुठलेही आणि दोन ब्लू.
तिमिंगिल खेळात आल्यावर, त्याच्या इमर्जसाठी सॅक्रिफाइस केलेल्या क्रीचरइतकी किंवा त्याहून कमी पॉवर असलेले बाकी सगळे क्रीचर आपापल्या मालकाच्या हातात परत.

बस. धरून चल, तिसऱ्या टर्नला तू ३ मानाचा २/२ उतरवलास. पाच लँड झाली की तोच गिळवायचा, ८ मधून ३ गेले, ५ मानात तिमिंगिल हजर आणि लाटेत २ पॉवरपर्यंतचे सगळे वाहून गेले, तुझेसुद्धा. समोर ३/३ उभा असेल तर तो जागचा हलत नाही. मोठी लाट हवी असेल तर मोठा मासा गमव. आणि एखाद्यानं दुसऱ्याच युक्तीनं हा फुकटात खेळात आणला तर गिळलेला मासाच नाही, म्हणून लाटही नाही, ती पळवाट आपोआप बंद. दर टर्नच्या दोन कार्डांना मात्र रामराम कर, ती कुठल्याच माशाच्या पोटातून येत नाहीत. फ्लेवर टेक्स्ट (कार्डावरचा नुसता रंगतीचा मजकूर) एकच ओळ ठेव: 'तिमीला तिमिंगिल गिळतो. तिमिंगिलाला कोण, ते बघायला कुणी उरत नाही.'

७/७ जास्त वाटला तर सहा-सात गेम खेळून मग ६/६ कर. आधी नको.

प्रश्न : माझा क्रेकन (आठ हातांचा समुद्री राक्षस) उतरतो आणि लगेच कुणीतरी २ मानाच्या स्पेलनं मारतं. हेक्सप्रूफ दिलं तर मित्र चिडतात. मग करायचं काय?
— वैतागलेली

उत्तर : चिडणारच, हेक्सप्रूफ म्हणजे समोरच्यानं टार्गेट करायचंच नाही, हातातली कार्डं धरून नुसतं बघत बसायचं. २०२१ पासून वॉर्ड आहे ते वापर. वॉर्ड ३ लिहिलंस तर टार्गेट करणाऱ्याला ३ माना जादा भरावे लागतात, नाहीतर त्याचा स्पेल काउंटर होतो. किंवा आल्याआल्या काहीतरी करून जाऊ दे, मग मेला तरी वसूल. दोन्ही एकदम नको.

प्रश्न : चित्र मीच काढलंय, स्क्रीनवर अप्रतिम दिसतं, छापलं तर नुसता काळा डाग! साइज काय ठेवायची?
— चित्रकार

उत्तर : कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यात जाणारी जादा जागा) सोड, म्हणजे ६९ बाय ९४, आणि ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण ८१५ बाय १११० पिक्सेल. अक्षरं काठापासून आत ठेव, कापताना पातं सरकतं.

काळा डाग का होतो तर गडद निळ्या पाण्यात गडद निळा राक्षस काढलास म्हणून. स्क्रीनला मागून उजेड असतो, कागदाला नसतो. चित्र आधी कृष्णधवल करून कार्डाएवढं लहान कर आणि हातभर लांबून बघ, आकार ओळखू येत नसेल तर पाणी उजळ कर, राक्षसाला हात लावू नको. दुसरं, त्याला अख्खा दाखवायचा अट्टहास कशाला? शेजारी काही नसेल तर क्रेकन आणि तळहाताएवढा ऑक्टोपस यांत फरक कळत नाही. एक होडी टाक, नखाएवढी. नॉर्वेच्या पोंटोपिडान नावाच्या बिशपनं अठराव्या शतकात क्रेकनचं वर्णन लिहून ठेवलंय, त्यातला क्रेकन वर आला की आधी बेटांसारखं काहीतरी दिसतं. तसंच काढ की! होडीतली माणसं बेटावर उतरायच्या तयारीत आणि त्या बेटाला कोपऱ्यात एक डोळा.

मागची बाजू मूळ कार्डासारखी छापू नकोस, खोट्या कार्डाचा संशय नको. स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लॅस्टिक पाकिटात) एखादं जुनं कार्ड मागे घालून पुढे आपला कागद सरकवला की डेकमध्ये जाडी वेगळी लागत नाही. अर्थात हे घरच्या खेळापुरतं, अधिकृत टूर्नामेंटमध्ये स्वतः बनवलेलं कार्ड चालत नाही.