आधी डिग्री की आधी काम?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्स, गणित घेऊन पास झालाय. सीईटीत मार्क कमी पडले. पाहुणे म्हणतात, लांबचं का असेना, कर्ज काढून इंजिनिअरिंगला घाला. त्याला मात्र शिरोली एमआयडीसीत सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातू कापायचं) काम शिकायचंय. काय करावं?
– एक पालक, पुलाची शिरोली

उत्तर : कर्ज काढू नका. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, दोन वर्षांत मेकॅनिकलचा डिप्लोमा होतो. पुढं वाटलं तर डिप्लोमाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. एकूण पाच वर्षं, म्हणजे सरळ इंजिनिअरिंगपेक्षा एक वर्ष जास्त. पण मध्येच थांबावं लागलं तरी डिप्लोमा हातात राहतो. इंजिनिअरिंग अर्धवट सुटलं तर कर्ज तेवढं मागं उरतं. एक अडचण आधीच सांगतो : ड्रॉइंग डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात शिकवून झालेलं असतं. प्रोजेक्शनचा, म्हणजे वस्तू वेगवेगळ्या बाजूंनी कशी दिसते ते काढायचा, सराव सुट्टीतच करून घ्या, नाहीतर मुलं तिथंच अडकतात.

सीएनसी शिकायची त्याची इच्छा अजिबात चुकीची नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फौंड्रीतून निघणाऱ्या कास्टिंगला (ओतीव भागांना) मशिनिंग, म्हणजे कापून नेमक्या मापाला आणणं, लागतंच. फक्त महिन्या-दोन महिन्यांच्या क्लासला भुलू नका. पैसे भरण्याआधी विचारा : मशीन खरं आहे की नुसता कॉम्प्युटर? टूल ऑफसेट (हत्याराची नेमकी जागा मशीनला सांगणारा आकडा) मुलगा स्वतः घेणार का? मायक्रोमीटर, बोअर गेज ही मापायची साधनं हातात देणार का?

लेथवर बोअरिंग करताना, म्हणजे आतलं भोक कापताना, इन्सर्ट (कापणारं पातं) झिजला की बोअर, म्हणजे ते भोक, बारीक येतो. ५० मिमीचा बोअर ४९.९८ आला, तर एक्सच्या (व्यासाच्या दिशेच्या) वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायच्या आकड्यात, ०.०२ वाढवायचे. हे ज्याला उमगतं तो सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) होतो. नुसता जॉब (कापायचा भाग) लावून सायकल स्टार्टचं बटण दाबणारा वर्षानुवर्षं ऑपरेटरच राहतो. सेटर होण्यासाठी डिग्री लागत नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा मशिनिस्ट किंवा टर्नर ट्रेड आणि त्यानंतर कारखान्यात अप्रेंटिसशिप, एवढ्यावरही माणूस तयार होतो. डिझाइनला किंवा मोठ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून जायचं असेल तर मात्र बहुतेक ठिकाणी डिग्रीची अट आडवी येतेच.

प्रश्न : बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोलीस भरतीसाठी कॉलेज सोडू का?
– एक वाचिका, गडहिंग्लज

उत्तर : सोडू नका, ताई. शिपाई भरतीला बारावी पुरते, हे खरं. मैदानी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. पण पीएसआय, तलाठी, राज्यसेवा या सगळ्यांना पदवी लागते. ती कोणत्याही शाखेची चालते, त्यामुळं बी.ए. वाया जात नाही. कॉलेज आणि मैदान दोन्ही जमत नसेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करा. तीही या परीक्षांना चालते. मात्र आत्ताचं कॉलेज सोडण्याआधी पहिल्या वर्षाचे विषय तिथं धरले जातील का, हे अभ्यासकेंद्रावर विचारून घ्या.