"आमच्या मुलाचं ब्रेनवॉश केलंय हो मॅडम"

हे वाक्य हल्ली सारखं कानावर येतं म्हणून एकदा लिहितेच (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत).

एका ताईंचा विशीतला मुलगा कुठल्याशा ग्रुपच्या शिबिरांना जायला लागला, कॉलेज बुडवायला लागला, घरात वेगळंच बोलायला लागला. त्यांनी विचारलं, "हिप्नोटाइज करून उलटवता येईल का हे?"

म्हटलं, "मन असं ताब्यात घेता आलं असतं तर सीआयएने, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने, कधीच घेतलं असतं." मग सगळा इतिहासच सांगितला, मी तो नेहमी सांगते कारण भीती त्याने उतरते. कोरियन युद्धात पकडलेले काही अमेरिकन सैनिक शत्रूच्या बाजूने बोलायला लागले, अमेरिका हादरली, 1953 मध्ये सीआयएने एमके-अल्ट्रा नावाचे मन ताब्यात घ्यायचे गुप्त प्रयोग सुरू केले, लोकांना नकळत एलएसडी हे भ्रम घडवणारं द्रव्य दिलं, पुढे त्याच प्रयोगांत कॅनडात मॉन्ट्रिअलला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. कॅमेरॉननी पेशंटना भयंकर शॉक देऊन तीच ती टेप तासन्‌तास ऐकवली. माणसांची स्मृती गेली, संसार मोडले, पण हवा तो विचार डोक्यात घालणं काही जमलं नाही. आणि हिंकल-वुल्फ या डॉक्टरांनी तर 1956 मध्येच लिहिलं होतं की चीन-रशियात जादू नव्हतीच, एकटं पाडायचं, झोपू द्यायचं नाही, दमवायचं, मग जो एकच माणूस बोलतो त्याच्याकडे कैदी आपोआप ओढला जायचा.

ताई गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "एकटं तर आम्हीच पाडलंय त्याला. हे म्हणाले, तिकडे जाणार असशील तर घरी येऊ नको. मी फोनपण घेत नाही त्याचा."

माणसाला त्याचं उत्तर त्यालाच सापडू द्यावं म्हणणाऱ्या कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांना मी मानणारी, त्यामुळे हे मी आधीच बोलून टाकलं नाही याचं मला खरंच समाधान आहे. त्यांचं त्यांना दिसलं म्हणून त्याच रात्री फोन गेला. मुलगा ग्रुपमध्ये अजून आहे, पण रविवारी जेवायला येतो.

तुम्हीही वाद घालू नका, "फसलायस तू" म्हणू नका, जेवलास का, आजी विचारत होती, एवढंच बोला पण बोलत राहा. युनिफिकेशन चर्च या धार्मिक पंथावर समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांचा 1984 चा अभ्यास आहे, शिबिरांना आलेले साधारण 90 टक्के लोक सामील झालेच नाहीत आणि झाले त्यातलेही बरेचसे दोनेक वर्षांत आपणहून बाहेर पडले, तेव्हा परत यायला घर लागतं ना! फक्त ग्रुपकडून फोन काढून घेणं, भेटू न देणं, मारहाण, पैशांसाठी धमक्या असं काही कळलं तर मुलगा सज्ञान असला तरी वाट बघू नका, सरळ पोलिसांत जा.