मागच्या सीटचा हट्ट

नमस्कार हवालदारसाहेब,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी मजकूर थोडक्यात सांगते. तुम्ही सातारा जिल्ह्यात पोलीस दलात चालक आहात, २४ वर्षं सरकारी गाडीच्या स्टिअरिंगवर. मुलगा २२ वर्षांचा, बीए झालेला. पीएसआय व्हावा म्हणून त्याला पुण्यात क्लास लावून दिलात; संयुक्त पूर्व परीक्षा दोनदा हुकली. आता तो म्हणतो की मला पोलीस चालकच व्हायचंय, आणि जमलं तर इंग्लंडमध्ये जाऊन तिथल्या पोलिसांचं मोटारसायकलचं ॲडव्हान्स्ड ट्रेनिंग घ्यायचंय. तुम्ही त्याच्या बाईकची किल्ली कपाटात कुलूपबंद केलीत आणि मला लिहिलंत, ‘मी जन्मभर साहेबाला दार उघडून दिलं. पोरानं मागच्या सीटवर बसावं. ड्रायव्हरकीला काय डोकं लागतं? त्याला तेवढं समजवा.’

समजावणार आहे, पण त्याला नाही.

पूर्व परीक्षा दोनदा हुकली याची मला फारशी काळजी वाटली नाही. त्या रांगेत हजारो मुलं उभी आहेत. मी अडकले ते ‘दार उघडून दिलं’ इथे. २४ वर्षांच्या नोकरीचा तुम्ही एका वाक्यात निकाल लावलात, आणि ते वाक्य मुलगा लहानपणापासून जेवताना ऐकत आला असणार. त्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर मात्र तुम्ही सहज लिहून गेलात की एवढ्या वर्षांत तुमच्या हातून गाडीला साधा ओरखडाही नाही. खंबाटकीच्या रात्रीच्या फेऱ्या, गणपतीतला बंदोबस्त, वारीच्या गर्दीतून कुणालाही धक्का न लावता बाहेर काढलेली व्हॅन. हे सगळं ‘पोटासाठी केलं’ म्हणून खोडूनही टाकलंत. मुलानं यातलं काय उचललं असेल? तुम्हाला तो वाया चाललेला दिसतो. मला तो तुमच्यावर गेलेला दिसतो.

कुणा साहेबानं कधीतरी चारचौघांत तुमचा पाणउतारा केला असेल. तो सल खरा आहे, त्यावर मी शहाणपण सांगणार नाही. पण त्याचं उट्टं पोरानं खांद्यावर दोन तारे लावून काढायचं, हे ओझं क्लासच्या फीपेक्षा जड आहे. स्पष्ट बोलते, राग मानू नका: पीएसआय तुम्हाला व्हायचं होतं.

आता ‘डोकं लागत नाही’ याविषयी. लंडनच्या पोलिसांच्या गाड्यांना इतके अपघात होऊ लागले होते की १९३५ मध्ये हेंडनला पोलिसांसाठी वेगळं ड्रायव्हिंग स्कूल काढावं लागलं. पुढे शिकवणी बसवायला लॉर्ड कॉटनहॅम यांना बोलावलं, म्हणजे मोटार शर्यतींत उतरलेला माणूस. त्यातून जी पद्धत उभी राहिली तिचा पाया वेग नव्हे, क्रम. आधी माहिती घ्यायची, मग रस्त्यावरची जागा धरायची, मग वेग ठरवायचा, मग गिअर, आणि सगळ्यात शेवटी ॲक्सिलरेटर. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात तिथे नजर ठेवायची. ती जागा अंगावर येत असेल तर वळण आवळतंय, वेग उतरवा. पुढे पळू लागली तर वळण उघडतंय. जेवढा मोकळा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, हा मोटारसायकललाही लागू असलेला नियम. आणि शिकाऊ पोलिसाला गाडी चालवता चालवता मोठ्यानं बोलायला लावतात: डावीकडे एसटी थांबलीय, तिच्याखालून पाय दिसतायत, म्हणजे कुणीतरी पुढून आडवं येणार, मी आधीच वेग उतरवतोय. हे तुम्ही रोज करता, फक्त बोलत नाही. लंडनमध्ये राजघराण्याच्या ताफ्यापुढचे पोलीस मोटारसायकलस्वार सायरनऐवजी शिट्टी आणि हाताच्या खुणांवर चौक मोकळे करतात. (आपल्याकडच्या पायलट गाड्यांच्या सायरनबद्दल तुमच्यासमोर मी काय बोलू!)

मुलाला घाबरवायचंच असेल तर दार उघडण्याच्या गोष्टी सांगू नका, खरी जोखीम सांगा. मागून ‘मार पुढे’ म्हणणारे साहेब असतात, पण कुणाला उडवलं तर भारतीय न्याय संहितेचं २८१ आणि माणूस दगावला तर १०६ कलम चालकाच्या नावावर लागतं. ब्रिटनमध्ये २०२२ च्या कायद्यानं एक फरक केला. प्रशिक्षित पोलिसानं कामावर असताना गाडी कशी चालवली हे जोखताना त्याची तुलना साध्या वाहनचालकाशी न करता तेवढंच प्रशिक्षण घेतलेल्या दक्ष पोलिसाशी होते. म्हणजे तिथे ट्रेनिंग ही हौस नाही, चालकाची ढाल आहे. आपल्याकडे अशी ढाल नाही, हे त्याला आधी कळू द्या.

इंग्लंडचा तो कोर्स मात्र फी भरून मिळत नाही. आधी तिथल्या दलात शिपाई, मग उमेदवारीची वर्षं, मग गाडीचे कोर्स आणि त्यानंतर कुठे मोटारसायकल. तो विषय घरात बंद करा. शिवाय मुलाचा एक घोटाळा झालाय. आपल्याकडचं ‘पोलीस शिपाई चालक’ हे पद जीप, व्हॅन आणि बसचं आहे. बाईकवर जे बीट मार्शल दिसतात ते साधारणपणे शिपाई म्हणून भरती झालेले अंमलदार असतात. त्याला चारचाकी चालवायचीय की बाईकवर फिरायचंय, हे त्यानं आधी ठरवायला हवं, कारण त्यावरून अर्जच बदलतो.

चालक भरतीचा रस्ता तुम्हाला पाठ आहेच: १६०० मीटर धावणं आणि गोळाफेक मिळून ५० गुण, लेखी १००, आणि गाडी चालवण्याची चाचणी, जी पास होण्यापुरती असते. खुल्या वर्गाला वय २८ पर्यंत. यात मुलं अडकतात ती लायसन्सवर. अलीकडच्या भरतीत हलक्या वाहनाचं ट्रान्सपोर्टचं लायसन्स मागितलंय, आणि ते काढायला साधं लायसन्स हातात येऊन वर्ष व्हावं लागतं. तुमच्या मुलानं कारचं लायसन्स गेल्या दिवाळीत काढलंय. तारीख बघा. नोकरी लागल्यावर एमपीएससी देता येते, ते दार काही कुणी बंद करत नाही.

पण त्याआधी एक करा. येत्या सुट्टीच्या दिवशी तुमची जुनी मारुती काढा. वाईहून पसरणी घाटानं पाचगणीपर्यंत मुलगा चालवेल आणि जे दिसतं ते मोठ्यानं बोलेल: कठड्याजवळची माकडं, उतारावर ब्रेक तापलेला ट्रक, हॉर्न न वाजवता वळणावर येणारा टुरिस्ट. मोबाइल डिकीत. पाऊण तासात तो कंटाळला तर त्याला बाईकची हौस आहे, या कामाची नाही. मग शांतपणे दुसरं काही शोधू, मला पुन्हा लिहा. नाही कंटाळला तर अर्ज भरू द्या. परत येताना स्टिअरिंग तुम्ही घ्या आणि तुम्ही बोला. एवढ्या वर्षांत तुमचं हे बोलणं त्यानं एकदाही ऐकलेलं नाही.

किल्ली मात्र आजच परत द्या. आणि क्लासचा पुढचा हप्ता पाचगणीहून येईपर्यंत भरू नका.